जपानी वारशाचे आमचे भाट

वारसा जपावा तर जपान्यांनी, असे एक पालुपद आपल्याकडे चारचौघांत नेहमी ऐकू येते. तोक्योची वारी करून आलेला एखादा पाहुणा फराळाला बसतो, मारुनोउचीतल्या लाल विटांच्या जुन्या इमारतीचे गुणगान करतो आणि आपण माना डोलावतो. त्या माना जरा थांबवाव्यात, एवढ्यासाठीच हा खटाटोप.

मारुनोउची म्हणजे एदोच्या, आताच्या तोक्योच्या, किल्ल्याभोवतालच्या खंदकाआतला भाग. तोकुगावांच्या अमदानीत येथे दाइम्योंचे, म्हणजे बड्या सामुराई सरदारांचे, वाडे होते. वाड्यांच्या कडेने लांबच लांब चाळी आणि त्यांत साधे सामुराई. शौर्याच्या कथा आपण पुष्कळ ऐकतो. पण हे वाडे होते कशासाठी? सरदाराने एक वर्ष एदोत आणि एक वर्ष आपल्या मुलखात काढावे, हा नियम १६३५ साली कायद्यात बसला. बायको आणि वारस मुलगा मात्र कायम एदोत. ओलीसच म्हणा ना! हाकोनेच्या नाक्यावर एदोबाहेर जाणाऱ्या बायकांची कसून तपासणी होई. नवऱ्याच्या इमानाला बायको तारण ठेवायची, आणि आपण त्याला वैभव म्हणायचे!

१८६२ साली ही सक्ती सैल झाली. मेइजी राजवटीत वाड्यांत लष्कर शिरले. १८७२ च्या आगीत काही जळाले. १८९० साली सरकारने ती जमीन मित्सुबिशीच्या इवासाकी यानोसुके यांना सुमारे १२ लाख ८० हजार येनला विकली. एवढ्या माळरानाचे करणार काय, असे कोणी विचारले, तेव्हा बांबू लावून वाघ पाळीन, असे ते म्हणाले म्हणे. पाळले ते भाडेकरू! १८९४ साली इंग्रज वास्तुशिल्पी जोसाया काँडर यांनी आखलेली विटांची पहिली कचेरी तेथे उभी राहिली.

तीच ही लाल इमारत? छे! ती १९६८ साली वास्तुतज्ज्ञांचा विरोध डावलून मालकांनीच पाडली. आज दिसते ती २००९ साली पुरी झालेली प्रतिकृती, सुमारे २३ लाख नव्या विटांची. आत २०१० पासून कलासंग्रहालय. काम सुबक आहे, हे मी नाकारीत नाही. पण याला जतन कोणत्या तोंडाने म्हणावे? आणि आठवण तरी कोणाची जपली? कंपनीच्या पहिल्या कचेरीची. ज्या दालनांत सरदारांच्या बायकांचे जन्म सरले, त्यांतले एकही पुन्हा बांधावे असे कोणाला वाटले नाही. त्या दालनांचे भाडे कोण देणार? किल्ल्याचे खंदक आणि दगडी तट मात्र अस्सल उरले आहेत. पोवाडे गायचेच असतील तर त्यांच्यापुढे उभे राहून गावेत.