पहिल्या भेटीत काय विचारतात?

मराठी घरांना मानसशास्त्रीय चाचण्यांचं वावडं कधीच नव्हतं. व्ही. व्ही. कामत यांनी १९३४ साली बिने यांची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली, आणि बिने-कामत या नावाने ती पुढे कित्येक दशकं वापरात राहिली. आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये पुण्यात ज्ञान प्रबोधिनी सुरू केल्यानंतर तिथल्या चाचणीला मुलाला बसवणं ही अनेक घरांत कौतुकाची गोष्ट झाली. मुलाचा बुद्ध्यंक पाहुण्यांना हौसेने सांगायचा. स्वतःला रात्र रात्र झोप लागत नाही, हे मात्र डॉक्टरांनाही कळू द्यायचं नाही. हा स्वभाव इंग्लंडमध्ये हॅरो, स्लाऊ आणि रेडिंगपर्यंत सोबत आला आहे.

दहा ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्य दिन. त्या दिवशी 'मन मोकळं करा' असा सल्ला सगळीकडून मिळतो. पण कुठे, कोणासमोर, आणि पहिल्या भेटीत नेमकं काय होतं, हे फारसं कोणी सांगत नाही.

इंग्लंडमध्ये चिंता आणि नैराश्यावर बोलून होणाऱ्या उपचारांसाठी जीपीची, म्हणजे फॅमिली डॉक्टरची, चिठ्ठी लागत नाही. एनएचएसची 'टॉकिंग थेरपीज' सेवा २००८ मध्ये आयएपीटी या नावाने सुरू झाली. तिच्यामागे दोन माणसं होती: अर्थतज्ज्ञ रिचर्ड लेयार्ड आणि मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क. बरी झालेली माणसं कामावर परतली की उपचारांचा खर्च भरून निघतो, हा त्यांचा हिशेब सरकारला पटला. आज जीपीकडे नोंदणी असलेला कोणीही प्रौढ ऑनलाइन किंवा फोनवरून स्वतःच नाव नोंदवू शकतो. सेवा मोफत आहे. ७५ टक्के लोकांचे उपचार सहा आठवड्यांत आणि ९५ टक्के लोकांचे अठरा आठवड्यांत सुरू व्हावेत, असं उद्दिष्ट ठरलेलं आहे. पहिल्या आणि दुसऱ्या भेटीतलं अंतर मात्र काही भागांत बरंच लांबतं, तेव्हा थोडा धीर धरावा लागतो. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमधली व्यवस्था वेगळी आहे. तिथे जीपीपासून सुरुवात करणं सोयीचं.

पहिली भेट बहुधा फोनवर होते आणि साधारण अर्धा ते एक तास चालते. त्याआधी दोन प्रश्नावल्या भरून घेतात. पीएचक्यू-नाइनमध्ये नऊ प्रश्न आणि कमाल २७ गुण, जीएडी-सेव्हनमध्ये सात प्रश्न आणि कमाल २१ गुण. दोन्हींत गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारलेलं असतं. इथे जास्त गुण मिळवायचे नसतात आणि लपवायचेही नसतात. उपचार सुरू झाल्यावर याच प्रश्नावल्या प्रत्येक भेटीला पुन्हा भरायच्या असतात, कारण फरक पडतोय की नाही हे त्यावरून पाहतात.

पीएचक्यू-नाइनचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. खरं सांगितलं तर लगेच पोलीस दारात येतील, मुलं काढून नेतील, या धास्तीने अनेकजण तिथे शून्यावर खूण करतात. प्रत्यक्षात पुढचे प्रश्न शांतपणे येतात: विचार नुसता येऊन जातो की काही बेत मनात आहे, कोणामुळे आणि कशामुळे सावरता येतं, अगदी वाईट वेळी कोणाला फोन करता येईल. मग दोघं मिळून सुरक्षिततेची योजना लिहून काढतात. बोलणं गोपनीय राहतं. कोणाच्या जिवाला गंभीर धोका असेल किंवा एखाद्या मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल, तेव्हाच ते आवश्यक त्या लोकांपर्यंत जातं. ही मर्यादा साधारणपणे सुरुवातीलाच सांगितली जाते. ती सांगितली नाही, तर आपण विचारावी.

काही प्रश्न आपल्या माणसांना खटकतात. घरात कोणी हात उगारतं का? दारू किती? 'सोशल' हे उत्तर पुरत नाही. आठवड्याचे युनिट विचारतात, आणि इथला सल्ला १४ युनिटच्या वर न जाण्याचा आहे. हे प्रश्न सगळ्यांनाच विचारतात, त्यात संशय नसतो.

पहिल्या भेटीनंतर होणारी निराशाही ओळखीची आहे. 'एवढं सगळं सांगितलं, पण त्यांनी काहीच सांगितलं नाही!' डॉक्टरांकडून औषधाची चिठ्ठी आणि वडीलधाऱ्यांकडून उपदेश घेऊन उठायची सवय असली की असं वाटणारच. पहिल्या भेटीचं काम अडचण समजून घेणं आणि योग्य पायरी ठरवणं एवढंच असतं. पुढे उपचार करणारी व्यक्ती वेगळी असू शकते. सौम्य त्रासाला मार्गदर्शनासह स्वयंअध्ययन, जास्त त्रासाला सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेव्हिअरल थेरपी) किंवा अन्य उपचार. सीबीटीच्या सहसा ६ ते २० भेटी होतात, आणि मधल्या दिवसांत गृहपाठ असतो: प्रसंग, त्या वेळचा विचार आणि त्यातून आलेली भावना लिहून काढायची. महाराष्ट्राला हे नवं नाही. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत आणली, आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात सुरू केलेल्या आयपीएच संस्थेने मानसिक आरोग्याचा विषय घराघरांत पोहोचवला.

मुलांच्या ऑटिझम किंवा एडीएचडीच्या तपासणीची वाट वेगळी आहे. ती शाळेतल्या सेन्कोकडून (विशेष शैक्षणिक गरजा पाहणाऱ्या शिक्षकाकडून) किंवा जीपीकडून सुरू होते, आणि प्रतीक्षा बरीच लांब असू शकते. पालकांना पहिला शब्द कधी आला, मूल कसं खेळतं, झोपतं, जेवतं हे बारकाईने विचारतात. शाळेचं म्हणणंही घेतात. मुलासोबतचा भाग बराचसा खेळ आणि गप्पांचा असतो. इलेव्हन-प्लस प्रवेशपरीक्षेसारखा सराव घरी करून घेऊ नये, त्याने निष्कर्षच बिघडतात. घरी कोणती भाषा बोलली जाते हे आवर्जून सांगावं. नुसत्या इंग्रजी शब्दसंग्रहावरून मराठी घरातल्या मुलाची कुवत कमी दिसू शकते. मराठी बोलल्यामुळे ऑटिझम होत नाही, म्हणून आजीशी मराठीत गप्पा बंद करण्याचं काही कारण नाही.

पैसे मोजून खासगी तज्ज्ञाकडे जाणाऱ्यांनी एक चौकशी जरूर करावी. या देशात 'थेरपिस्ट' किंवा 'काउन्सेलर' ही पाटी कायद्याने कोणीही लावू शकतो. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' हे नाव मात्र एचसीपीसी या नियामक संस्थेकडे नोंदणी असल्याशिवाय वापरता येत नाही. समुपदेशक बीएसीपीसारख्या संस्थेच्या यादीत आहे का, हे ऑनलाइन दोन मिनिटांत कळतं. फी किती, भेट रद्द केली तर काय, जमलं नाही तर दुसऱ्याकडे जाता येईल का, हे पहिल्याच दिवशी विचारण्यात संकोच नको.

इथे राहायला आलेल्या आई-वडिलांसाठी एनएचएसमध्ये दुभाषा मोफत मागता येतो. ती मागणी वेळ ठरवतानाच नोंदवावी आणि मुलाला किंवा सुनेला दुभाषा म्हणून बसवू नये. जे सांगायचं असतं ते अनेकदा त्यांच्यासमोरच सांगता येत नाही.

तातडीच्या वेळी वाट पाहू नये. इंग्लंडमध्ये १११ वर फोन करून मानसिक आरोग्यासाठी २ निवडावा. समॅरिटन्स ११६ १२३ या मोफत क्रमांकावर रात्रंदिवस फोन उचलतात. जिवाला धोका असेल तर थेट ९९९.

— संपादक मंडळ