मासे सगळ्यात शेवटी आणा

गेल्या शनिवारी हापिसातला एक मित्र घरी आला होता. चहा व्हायच्या आधीच मागच्या अंगणात गेला, टाकीत डोकावला, पालकाचं एक पान तोडून खाल्लं आणि म्हणाला, "भारी आहे रे! मलाही करायचंय. उद्या रविवारच आहे, मासे कुठे मिळतील?"

मंडळी, हा प्रश्न विचारणारा तो सहावा माणूस. सहाही जणांनी हाच प्रश्न पहिला विचारला. मीही हाच विचारला होता, २०२३च्या एप्रिलमध्ये, आणि त्यापायी ३१ रोहू मारले. म्हणून हा लेख.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अ‍ॅक्वापोनिक्स म्हणजे एका टाकीत मासे, शेजारी खडी भरलेला वाफा, आणि एक पंप. पंप टाकीतलं पाणी वाफ्यात चढवतो, झाडं त्यातलं खत घेतात, पाणी परत टाकीत येतं. माती नाही, रासायनिक खत नाही. व्हिडिओत एक हसरं कुटुंब लेट्यूस कापत असतं आणि निवेदक सांगतो की ही 'स्वयंपूर्ण' व्यवस्था आहे, माशांना फक्त खायला घाला, बाकी निसर्ग बघून घेईल.

निसर्ग बघून घेतो, पण आपल्या वेळापत्रकाने नाही.

आमचं रो-हाऊस तळेगावला. मागे पंधरा बाय बाराची जागा, तिथे पूर्वी फक्त कपड्यांच्या दोऱ्या होत्या. मी ६०० लिटरची टाकी आणली, वाफ्यात काळी खडी भरली. (खडीचं एक बरं आहे. आपल्याकडे क्रशरवर मिळते ती बेसाल्टची, पाण्याचा पीएच बिघडवत नाही. शंका असेल तर व्हिनेगर टाकून बघा, फेस आला तर ती खडी नको. शोभेचे पांढरे संगमरवरी तुकडे तर अजिबात नकोत.) बेल सायफन नावाचा एक पाइपात पाइप घालायचा प्रकार असतो, वाफा भरला की तो आपोआप रिकामा होतो. तो जमवण्यात तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी सायफन खळखळला, मी अंगणात नाचलो, आणि त्याच दुपारी जाऊन रोहूची ४० बोटुकली घेऊन आलो.

आता चूक कुठे झाली ते बघा, कारण ती दिसत नाही. पाणी स्वच्छ होतं. पंप चालू होता. मी दिवसातून तीनदा मूठभर खाद्य टाकत होतो आणि पोरं टाळ्या वाजवत होती. पण मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात, न खाल्लेलं खाद्य कुजून आणखी अमोनिया होतो, आणि अमोनिया माशांना विष. खडीवर वाढणारे एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात (तेही विषच), दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते नायट्रेट झाडांचं जेवण. म्हणजे या सगळ्या यंत्रणेत खरं काम करणारे ना मासे, ना झाडं, ना पंप. ते आहेत हे जिवाणू, आणि नव्या कोऱ्या खडीवर ते नसतात. त्यांची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. मी त्यांना शून्य दिवस दिले होते.

हिशेब अगदी शाळकरी आहे. ३२ टक्के प्रथिनांच्या १०० ग्रॅम खाद्यात साधारण ५ ग्रॅम नायट्रोजन असतो आणि त्यातला निम्म्याहून जास्त पाण्यात येतो. रोज ४० ग्रॅम खाद्य, ६०० लिटर पाणी. पाचव्या दिवशी सकाळी टेस्ट किट उघडला (हो, पाचव्या दिवशी. तोवर तो पाकिटातच होता) तर रंग तक्त्यावरचा शेवटचा, गडद हिरवा. त्यात आमचं बोअरचं पाणी, पीएच ८ च्या वर. पीएच एकने वाढला की अमोनियाचा जो भाग खरा मारक असतो तो जवळपास दहापट होतो. वर एप्रिलचं ऊन.

मासे पृष्ठभागावर तोंड उघडून हवा गिळत होते. मी निम्मं पाणी बदललं, खाद्य बंद केलं. संध्याकाळपर्यंत १८ गेले, दुसऱ्या दिवशी १३. नऊ उरले.

आई मालवणची. माशांबद्दल तिला हळवेपणा अजिबात नाही, आयुष्यभर तिने ते कापले आहेत. पण त्या दिवशी बादलीकडे बघून ती म्हणाली, "खायला मारतात ते वेगळं. पाहुणे बोलावायच्या आधी घरात संडास बांधायचा असतो, एवढं तरी कळायला हवं होतं तुला." नायट्रोजन चक्राची याहून चांगली व्याख्या मी अजून वाचलेली नाही.

तर माझं मत असं की नवशिक्यांना हा प्रकार ज्या क्रमाने विकला जातो तो क्रमच चुकीचा आहे. आधी यंत्रणा माशांविना चालवा. पाण्यात थोडा नवसागर टाका (कल्हईवाले वापरत तोच, म्हणजे अमोनियम क्लोराइड, पण शुद्ध घ्या). ६०० लिटरला चमचाभर पुरतो. रोज तपासा. अमोनिया चढेल, मग नायट्राइट चढेल, मग दोन्ही शून्यावर येतील आणि नायट्रेट दिसायला लागेल. हे फार कंटाळवाणं आहे. सहा आठवडे तुम्ही रिकाम्या टाकीची सेवा करता आणि शेजारी विचारतात, मासे कुठायत? ज्याला एवढा कंटाळा सोसत नाही त्याने कुंडीत टोमॅटो लावावेत. चेष्टा नाही करत. टोमॅटो मेला तर तो तडफडत नाही.

दुसरं, 'स्वयंपूर्ण' हा शब्द. खाद्य बाहेरून येतं. माशांच्या खाद्यात झाडांना पुरेसं लोह नसतं, त्यामुळे आमच्या पालकाची कोवळी पानं पिवळी पडली आणि चिलेटेड लोह घालावं लागलं. व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात जेम्स राकोसींनी या विषयावर वर्षानुवर्षं काम केलं, तेही लोह, कॅल्शियम आणि पोटॅशियम वरून घालत. मावा पडला तर औषध फवारता येत नाही, मासे मरतील. ४० वॅटचा पंप दिवसरात्र चालतो, म्हणजे रोज एक युनिट. पैसे वाचतात का? २०१३ साली जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी निरनिराळ्या देशांतल्या व्यावसायिक उत्पादकांची पाहणी केली, तर आदल्या वर्षात नफ्यात असलेले एक तृतीयांशाहून कमी निघाले. आपण तर अंगणवाले.

आणि आपल्या जमातीचा एक खास रोग, ऑटोमेशन. मी तापमानाचा, पातळीचा सेन्सर लावला, फोनवर अलर्ट लावला, फार खूश होतो. मे महिन्यात रात्री दोन वाजता वीज गेली. अलर्ट आला नाही, कारण विजेबरोबर राउटरही जातो (वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये!). मी उठलो तो डास चावले म्हणून. मग साडेचारपर्यंत बादलीने पाणी उपसून उंचावरून परत ओतत बसलो, त्यात हवा मिसळावी म्हणून. दुसऱ्या दिवशी बॅटरीवरचा एअर पंप आणला. तो सगळ्या सेन्सरांपेक्षा स्वस्त निघाला. आता सकाळी खाद्य टाकताना मासे वर झेपावतात का एवढंच बघतो. नाही झेपावले तर काहीतरी बिघडलंय.

हो, आणि बोटुकली घ्यायला जाल तेव्हा कुणीतरी "मरतच नाही साहेब" म्हणून थाई मागूर गळ्यात मारायला बघेल. त्यावर भारतात बंदी आहे. ओढ्यानाल्यात सुटला तर इथले मासे खाऊन टाकतो. चिलापी पाळायलाही परवानगी लागते. रोहू बरा.

मग मी हे का चालू ठेवलंय? पुदिना, अळू, पालक वर्षभर मिळतो, खरं आहे. पण ते निमित्त. नऊ उरले होते ना, त्यांना टाकून देता येईना, इतकं साधं आहे. वाफा नीट बसल्यावर आणखी वीस आणले, त्यातला एकही मेला नाही. गेल्या दिवाळीनंतर दोन काढले, आईने कालवण केलं. "काटे फार, आणि गोड्या पाण्यातला तो गोड्या पाण्यातलाच," म्हणाली. दुसऱ्यांदा वाढून घेतलं मात्र.

मित्राला मासेवाल्याचा पत्ता दिला नाही. माझ्या वाफ्यातली बादलीभर ओली, बुळबुळीत खडी दिली, जिवाणूंचं विरजण म्हणून, आणि जुना टेस्ट किट. गाडीच्या डिकीत पाणी सांडलं म्हणून तो जरा वैतागलाच.

"आणि मासे?"

म्हटलं, सहा आठवड्यांनी फोन कर.