पत्र्याचे यंत्र आणि कामगाराची बोटे

पत्रा वाकवणाऱ्या यंत्रावर कामगाराची बोटे तुटली, की ‘त्याचे लक्ष नव्हते’ असा निकाल तत्काळ दिला जातो. हा निकाल सोयीचा आहे, खरा नाही.

छोट्या गाळ्यांतून असे एकच यंत्र अनेकजण आळीपाळीने वापरतात. एकजण पत्रा धरतो, दुसऱ्याचा पाय पेडलवर असतो. पंच डायवर उतरला की मध्ये आलेली बोटे वाचत नाहीत. वाकताना वर उचलला जाणारा पत्राही हात चेमटतो. पेडलवर आच्छादन नसेल, तर चुकून पडलेला पाय पुरेसा होतो. डाय बदलताना मुख्य स्विच बंद करणे आणि पत्रा धरणाऱ्याने सांगितल्याखेरीज पेडल न दाबणे, या नियमांना भांडवल लागत नाही. हात आत जाताच यंत्र थांबवणाऱ्या प्रकाशकिरणांच्या योजनेला मात्र ते लागते, आणि तेथेच टाळाटाळ होते.

१९४८ च्या कारखाने कायद्याने यंत्राचे धोकादायक भाग झाकणे बंधनकारक केले. पण विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी त्याची मर्यादा दहा कामगारांची होती. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ती वीसवर नेली. चार माणसांचा गाळा एरवी दोहोंच्याही बाहेरच राहतो.

म्हणून कार्यकर्त्यांनी गाळ्यांत जाऊन केवळ वेतनाची चौकशी करून थांबू नये. पेडलवर आच्छादन आहे काय, हेही पाहावे. यंत्र सामायिक असेल, तर त्याच्या सुरक्षिततेचा खर्चही ते वापरणाऱ्या सर्व मालकांनी वाटून घेतला पाहिजे. तुटलेले बोट वाटून घेता येत नाही.