गाडीला जोडलेली ओसरी

'यार, गावाला जायचंय. पण उतरायचं कुठे?'

हिंजवडीतल्या कॅन्टीनमध्ये मशीनची कॉफी ढवळत मित्राने हा प्रश्न टाकला, तेव्हा मला आधी हसूच आलं. स्वतःच्या गावाला जाताना उतरायचं कुठे, हा काय प्रश्न झाला? पण त्याच्यासाठी तो होता. त्याचं गाव बोरी अरब. यवतमाळहून दारव्ह्याकडे जाताना अडाण नदीच्या काठी लागतं ते. तिथलं मातीचं घर त्याच्या बाबांनी विकलं, तेव्हा हा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. त्या पैशातून फी भरली गेली, डिग्री मिळाली, यथावकाश पुण्यात टू बीएचके झाला. गावात मात्र तो पाहुणा होऊन बसला. चुलतकाकांकडे चहा घ्यायचा आणि अंधार पडायच्या आत यवतमाळच्या लॉजवर परतायचं.

'या वेळी लॉज नको. काकांना त्रास पण नको,' तो म्हणाला. 'आपण घरच घेऊन जाऊ.'

घर म्हणजे ट्रेलर. कारच्या मागे जोडायचा, दोन माणसं झोपतील एवढा छोटा डबा. नागपूरच्या एका हौशी ओळखीच्याने तो चार दिवसांसाठी दिला. (तुमच्या डोक्यात असा काही प्लॅन शिजत असेल तर आधी ट्रेलरचे कागद बघा. मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेही वाहनच आहे. कारचं आरसी बुक दाखवून भागत नाही.) चावी देताना त्याने एक जाडजूड बॅगही पुढे केली. 'हे ऑनिंग. न्याच. नाहीतर पहिल्याच संध्याकाळी एकमेकांचे गळे धराल.'

ऑनिंग म्हणजे ट्रेलरच्या कुशीला जोडायचा तंबू. ट्रेलरच्या कडेला अॅल्युमिनियमची एक पन्हळ असते. तंबूच्या काठात दोरी शिवलेली असते. ती पन्हळीच्या एका टोकातून आत घालायची आणि दुसऱ्या टोकाकडे ओढत न्यायची. एकाने भरायचं, दुसऱ्याने ओढायचं. नाडी घालण्यासारखंच काम, फक्त पायजमा दहा फुटांचा! मग खांब उभे करायचे, खुंट्या ठोकायच्या, ताण द्यायचा. झाली ओसरी तयार.

युरोपात हा प्रकार इतका रुळलाय की तिथे कॅरॅव्हॅनसोबत ऑनिंगचं माप आपसूक विचारलं जातं. जमिनीपासून पन्हळीवरून छतापर्यंत आणि दुसऱ्या बाजूने परत जमिनीपर्यंत, असं सेंटिमीटरमध्ये ते माप घेतात. इंग्लंडमध्ये गॉर्डन स्टेबल्स नावाच्या नौदलातल्या डॉक्टरने १८८५ मध्ये हौसेखातर घोड्यांची 'वाँडरर' कॅरॅव्हॅन बांधून घेतली आणि १९०७ मध्ये तिथे चक्क कॅरॅव्हॅन क्लब निघाला. आपल्याकडे महाराष्ट्र सरकारचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आलं २०२१ मध्ये. पण चाकांवरचं बिऱ्हाड आणि शेजारी टाकलेला आडोसा आपल्याला नवा थोडाच आहे? ऊसतोडणीला निघालेली बैलगाडी जिथे सुटते, तिथेच कोपी उभी राहते. बंजाऱ्यांचे तांडे बैलांवर धान्य-मीठ लादून देशभर फिरले, ते पालं ठोकतच. फरक एवढाच, की त्यांनी ते हौस म्हणून केलं नाही.

असो. डिसेंबरातल्या एका दुपारी मित्र, त्याची बायको आणि मी काकांच्या शेताच्या धुऱ्याला पोचलो. कपाशी फुटलेली, वेचणी चालू. आम्ही उत्साहाने तंबू ओढायला घेतला आणि पहिली चूक केली. ट्रेलरच्या चारही कोपऱ्यांचे जॅक खाली टेकवायचे आणि चाकांना दगड लावायचे राहूनच गेले. मित्राची बायको आत चढली, ट्रेलर हलला आणि तंबूची शिवण करकरली. पुन्हा सगळं उतरवलं. दुसरी चूक काकांनी दाखवली. छत आम्ही टेबलासारखं सपाट ताणलं होतं.

'काऊन बाप्पा, वर पाणी साठवतं काय? एक कोपरा खाली घे. पाण्याले वाट पाह्यजे.'

तिसरी चूक खुंट्यांची. बॅगेतल्या सळया पेन्सिलीएवढ्या बारीक होत्या आणि खाली होती यवतमाळची काळी माती. वाळली की भेगाळते, भिजली की लोण्यासारखी होते. काका काही न बोलता गोठ्यातून बैलांचे जुने खुंटे घेऊन आले. तंबूपासून बाहेरच्या बाजूला कलते ठेवून त्यांनी ते ठोकले आणि दोरीला असा काही फास मारला, की आमच्या इंजिनीअरने त्याचा फोटो काढून घेतला.

आणि मग जादू झाली. नुसता ट्रेलर उभा होता तोवर लोक लांबूनच बघून जात होते. बंद दाराच्या डब्याला हाक कशी मारायची? ऑनिंग उभं राहिलं, खाली चटई पडली आणि अर्ध्या तासात गाव आत आलं. वेचणीच्या बाया पाणी प्यायला टेकल्या. एक आजीबाई मित्राला न्याहाळत म्हणाल्या, 'हा त्याचा लेक ना? मांडवच टाकला की पोट्ट्यानं!' चहाची तीन आधणं झाली. आपल्या बोरी अरबच्या 'घरी' मित्र पहिल्यांदा कुणाला तरी 'बसा ना' म्हणत होता. त्याचा आवाज थोडा बदलला होता. आम्ही ते लक्षात न आल्यासारखं केलं.

रात्री आठच्या सुमारास पश्चिमेकडे वीज चमकली. डिसेंबरात पाऊस! आम्हाला तंबूची काळजी. काका मात्र धावत आले ते कापसासाठी. दिवसभर वेचलेली गाठोडी धुऱ्यावर पडली होती, गाडी सकाळी येणार होती. कापूस भिजणं म्हणजे काय, ते त्या रात्री कळलं. कापूस महामंडळाच्या खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत कापत कापत आणि १२ च्या वर खरेदीच नाही. म्हणजे अर्ध्या तासाचा पाऊस सहा महिन्यांच्या कष्टाचा भाव ठरवणार.

'इथे आणा!' मित्र ओरडला.

खुर्च्या बाहेर, स्टोव्ह बाहेर, बुटांची रांग बाहेर. ओसरीत गाठोडी. शेवटचं गाठोडं आत येतं न येतं तोच वारा सुटला. ट्रेलरच्या बाजूने कापड फडफडायला लागलं, बॅगेतल्या दोन सळया उपटून आल्या. बैलांचे खुंटे मात्र जागचे हलले नाहीत. खाली केलेल्या कोपऱ्यातून पाण्याची धार पडत होती, अगदी काका म्हणाले होते तिथूनच.

आम्ही दोघी ट्रेलरमध्ये झोपलो. मित्र आणि काका गाठोड्यांना टेकून रात्रभर बोलत बसले. गारठा वाढल्यावर मित्राने कोळशाची शेगडी आत घ्यायची का विचारलं. मी दारातूनच ओरडले, अजिबात नाही! बंद तंबूत कोळसा किंवा गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला ना वास ना रंग, आणि झोपेतून माणूस उठतच नाही. हे मात्र कुठल्याही कॅम्पिंगला विसरू नका. दोघांनी एक घोंगडी पांघरली. मध्येच कानावर आलं, 'तुह्या बापानं घर इकलं थे तुह्यासाठी. मनाले लावून घेऊ नको.' मित्र काय म्हणाला, ते पावसात ऐकू आलं नाही.

सकाळी ऊन पडलं. कापूस कोरडा होता. तंबू आतून दमट झालेला. तो तसाच घडी करून बॅगेत कोंबला असता तर आठवड्यात बुरशी धरली असती, म्हणून दुपारपर्यंत उन्हात वाळवला. तेवढंच थांबायला निमित्त.

निघताना मित्र खुंटे उपसायला वाकला. काकांनी हात धरला.

'राहू दे थे तिथंच. मी नाही काढत. पुढल्या खेपेले जागा शोधाले नको.'

परतीच्या वाटेवर नागपूर येईपर्यंत गाडीत कुणीच गाणी लावली नाहीत. ट्रेलर परत करताना मालकाने विचारलं, 'मग? ऑनिंग उपयोगी पडलं का?'

मित्र म्हणाला, 'पुढच्या डिसेंबरचं आत्ताच बुक करून ठेवा. खुंटे नकोत. आमचे आहेत तिकडे.'