दारात आलेला शिपाई
जपानच्या गल्लीगल्लीतल्या ‘कोबान’ या छोट्या पोलीस चौक्यांचे कौतुक आपण नेहमी ऐकतो. आम्हालाही ते पटते. पण त्यांची सुरुवात कशी झाली? १८७२ साली कावाजी तोशियोशी हा सामुराई युरोपात गेला, फ्रान्सची पोलीस व्यवस्था पाहून आला. १८७४ मध्ये टोकियोचे पोलीस खाते उभे राहिले. नव्या राज्यात बेकार झालेले बरेच सामुराई त्यात शिपाई झाले. साहजिकच रुबाबही जुनाच! हे शिपाई घरोघर फिरून कोण राहते, काय करते, याची नोंद ठेवत. १९११ नंतर ‘तोक्को’ या खास पोलिसांनी तर लोकांच्या विचारांवरच पाळत ठेवली. १९४५ मध्ये ते बंद झाले. घरभेटी मात्र आजही होतात. एकट्या म्हाताऱ्यांची विचारपूस होते, घरच्यांची माहिती लिहायला कार्ड दिले जाते. ते भरण्याची सक्ती आता नाही.