छंदविहार : डबा सुधारावा, पण मोडू नये

ग्वाल्हेरच्या जयविलास प्रासादातील भोजनाच्या मेजावर चांदीची एक छोटी आगगाडी आहे. पाहुण्यांपुढे पेयपात्रे फिरविणे हे तिचे काम. पात्र उचलले की गाडी थांबे आणि जागेवर ठेवले की पुन्हा चालू लागे. पाहणाऱ्याची दृष्टी चांदीवर खिळते. पण त्या गाडीची खरी शोभा तिच्या आज्ञाधारक चालीत आहे, असे आम्हांस वाटते. घरगुती छोट्या आगगाड्यांनाही हाच न्याय लागू पडतो. म्हणून जुना प्रवासी डबा सुधारावयास घेताना आधी रंगाची डबी उघडू नये. डबा उलटा करून त्याचे पोट पाहावे.

‘एचओ’ या सर्वाधिक प्रचलित मापात मूळ वस्तूच्या १/८७ आकाराची प्रतिकृती करतात आणि रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर असते. आपल्याकडील जुन्या धाटणीचा प्रवासी डबा सुमारे २१.३ मीटर लांब. तो या मापात साडेचोवीस सेंटिमीटरांचा होतो. एवढा लांब प्लास्टिकचा डबा वजनाने हलका असला, तर लांब गाडीत वळणावर आतल्या बाजूस ओढला जाऊन कलंडतो. अमेरिकेत १९३५ साली स्थापन झालेल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने याकरिता एक सोपा ठोकताळा दिला आहे : मूळ वजन एक औंस, अधिक डब्याच्या प्रत्येक इंच लांबीस अर्धा औंस. या हिशेबाने आपल्या डब्याचे वजन १६५ ग्रॅमच्या आसपास हवे. कमी पडणारे वजन तळाशी, दोन्ही टोकांकडे समतोल राहील असे बसवावे. छतालगत बसविल्यास डबा डोलतो. शिसे सोयीचे खरे, पण ते विषारी आहे. मुलांचा हात लागणाऱ्या वस्तूत लोखंडी वायसर किंवा पितळी पट्ट्याच बऱ्या.

त्यानंतर चाके. प्लास्टिकच्या चाकांवर मळ लवकर साठतो. धातूची चाके अधिक स्वच्छ राहतात व सुरळीत फिरतात. मात्र दोन्ही रुळांतून वीज खेळत असल्याने आसाच्या एका बाजूचे चाक विजेपासून अलग केलेले आहे ना, हे पाहून घ्यावे. नाहीतर रुळावर डबा ठेवताच शॉर्ट सर्किट होते.

कपलिंगची गोष्ट थोडी नाजूक आहे. पुष्कळ जुन्या डब्यांत ते चाकांच्या बोगीला जोडलेले असते. गाडी मागे ढकलताना बोगी तिरपी होते आणि डबा रुळावरून उतरतो. कपलिंग डब्याच्या तळालाच बसविल्यास हा दोष जातो. परंतु मग वळणे अधिक मोठी लागतात. ज्यांची सारी मांडणी एका मेजावर आहे, त्यांनी जुनीच व्यवस्था ठेवलेली बरी.

दिव्यांची हौस सर्वांत शेवटी पुरवावी. जुने बारीक बल्ब तापतात आणि प्लास्टिकचे छत वाकवू शकतात. एलईडी अत्यल्प विजेवर जळतो. त्याच्या जोडीस रेझिस्टर हवाच. ब्रिज रेक्टिफायर घातला की गाडी कोणत्याही दिशेने धावो, दिवा लागतो. आणि एक कपॅसिटर जोडला की धुळीमुळे होणारी लुकलुक थांबते. मग खिडकीतून आसने दिसू लागतात, आणि त्यांवर चार प्रवासी बसविण्याचा मोह कोणास आवरेल?

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगावीशी वाटते. तो डबा वडिलांनी वा आजोबांनी आणलेला असेल, तर परत फिरता येईल एवढाच बदल करावा. छत डिंकाने चिकटवू नये, स्क्रूवर किंवा खटक्यावर राहू द्यावे. मूळ रंग खरवडू नये. काढलेली चाके व कपलिंग एका पाकिटात घालून त्यावर डब्याचे नाव आणि तारीख लिहून ठेवावी. आपण आज ज्याला सुधारणा म्हणतो, ती उद्या नातवाला पटेलच असे नाही. त्याला आजोबांचा डबा जसाच्या तसा पाहावासा वाटला, तर ते पाकीट त्याच्या हाती पडावे. तोवर डबा कपाटात न राहता रुळावर धावत राहिला, तर आणणाऱ्याचीही हौस फिटली असे आम्ही समजू.