कलादालनाचा दरवाजा आणि कुणब्याचे पायताण

वाचकहो, शहरात गेल्यावर तुम्ही मार्केट यार्ड पाहता, कोर्टकचेरी पाहता, देवळाचा कळस पाहता. परंतु सार्वजनिक कलादालन नावाची वास्तू आतून पाहिलेले शेतकरी, सुतार, कुंभार तुमच्यात किती निघतील? बोटांवर मोजण्याइतके निघाले तरी पुष्कळ! आणि सरकारी दालन चालते कोणाच्या पैशावर? साबणाच्या वडीपासून ट्रॅक्टरच्या टायरपर्यंत प्रत्येक जिनसेवर जो कर तुमच्या खिशातून जातो, त्यावर. रयतेच्या घामाचा पैसा वरच्या वर्गाच्या शिक्षणावर खर्च होतो, हे गाऱ्हाणे जोतीरावांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे मांडले होते. तोच हिशेब आता चित्रांच्या भिंतीस लावून पाहिला पाहिजे.

यावर शहाणे लोक म्हणतील, "कलेला जात नसते. दालनाचे दार सर्वांस उघडे आहे. तुम्ही येत नाही, हा तुमचा दोष." वा रे न्याय! दार उघडे कधी? मजूर कामावर असतो तेव्हा. चित्राखालची पाटी कोणत्या भाषेत? बहुतेक ठिकाणी इंग्रजीत. आणि दारावरचा पहारेकरी आधी काय पाहतो? पायातले पायताण! उघड्या दारातून आत जाता न येणे ही गोष्ट आमच्या समाजास नवी नाही. गावची विहीरही उघडीच होती!

परंतु दारापेक्षा मोठी मेख शब्दात आहे. कापडावर रंग लावणारा तो 'कलावंत', आणि मातीस आकार देणारा तो 'कारागीर'. एकाचे काम भिंतीवर नावानिशी टांगावयाचे, दुसऱ्याचे बाजारात घासाघीस करून न्यावयाचे. हा भेद कोणी केला? मुंबईत सर जमशेटजी जिजीभाई यांच्या लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली कलाशाळा निघाली, ती देशी कला व कारागिरी सुधारावी म्हणून. पुढे चित्र आणि पुतळा उच्चासनी बसले व चाक, भाता, माग खाली राहिले. हातांचीही चातुर्वर्ण्यव्यवस्था झाली म्हणावयाची! अरे, कोल्हापूरचा बाबूराव पेंटर मूळचा कोण? मिस्त्री घराण्यातला. कलाशाळेची पायरी न चढता तो चित्रकार झाला, मूर्तिकार झाला आणि सिनेमाचा कॅमेराही घरीच बनवून मोकळा झाला. त्याला कारागीर म्हणावे की कलावंत, हे शहाण्यांनीच सांगावे.

अलीकडे दालनांनी नवा मंत्र काढला आहे : 'कला लोकांच्या दारी'. म्हणजे काय? वर्षातून एक दिवस एखाद्या आदिवासी बाईस किंवा कुंभारदादास गाडीत घालून आणावयाचे, अंगणात बसवावयाचे, शहरच्या मुलांनी भोवती गोळा व्हावयाचे, फोटो काढावयाचे आणि सायंकाळी शाल-नारळ देऊन वाटेस लावावयाचे. दिवसाची मजुरी बुडाली, तिचे काय? शाल खाता येत नाही. हे म्हणजे आयत्या पिठावर रेघोट्या ओढणे झाले. फरक इतकाच की, येथे पीठही आमचे आणि रेघोट्याही आमच्याच, फक्त अहवालात नाव दालनाचे!

खरे काम कसे होते, त्याचे दाखले आहेत. १९६६-६७ साली बिहारात दुष्काळ पडला. मिथिलेच्या बाया पिढ्यान् पिढ्या लग्नघराच्या भिंती रंगवीत. अखिल भारतीय हस्तकला मंडळाने मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी यांस तिकडे पाठविले. त्यांनी बायांस कागद दिला, चित्र काढून घेतले आणि पैसे दिले. उपदेश नाही, शाल नाही. कागद आणि दाम! पुढे त्याच कुलकर्ण्यांनी डहाणूकडच्या वारल्यांस कागद दिला. तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहिणे हा तेथे सवाशिणींचा मान. त्या कलेस घेऊन जिव्या सोमा मशे हा वारली जगभर गेला व २०११ साली पद्मश्री झाला. काम करणारा कोणत्या जातीचा, हे आम्ही विचारीत नाही. काम काय झाले, ते पाहतो.

भोपाळात १९८२ साली मध्य प्रदेश सरकारने भारत भवन उघडले. तेथील कलासंग्रहाचे प्रमुख जे. स्वामीनाथन यांनी गावोगाव माणसे धाडून आदिवासींची कामे आणविली आणि शहरी चित्रकारांच्या कामाशेजारी मांडली. खालवर नाही, शेजारी! पाटणगडचा जनगढ सिंह श्याम हा परधान गोंड तरुण त्यातूनच पुढे आला. गोंड यजमानांची वंशावळ बाणा वाद्यावर गाऊन पोट भरणारी त्याची जात. त्याला भारत भवनात नोकरी मिळाली आणि १९८९ साली त्याची चित्रे पॅरिसच्या प्रदर्शनात लागली. त्याच्या मागून त्याचे भाऊबंद ब्रश धरू लागले. त्यांपैकी भज्जू श्याम २०१८ साली व दुर्गाबाई व्याम २०२२ साली पद्मश्री झाली. एका सरकारी दालनाने ठरविले तर आख्खे गाव उठते, ते असे.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही पाहा. हाच जनगढ २००१ साली जपानात एका खासगी संग्रहालयासाठी चित्रे काढीत असता त्याने तेथेच आत्महत्या केली. चाळिशीच्या उंबरठ्यावरचा बाप्या, परका मुलूख, परकी भाषा. पुढे त्याच्या चित्रांवर मोठमोठ्या लिलावांत बोली लागल्या. चित्र जपले, चितारी गमावला! आणि मिथिलेची गंगादेवी? कर्करोगाने ग्रासलेली असता तिने दिल्लीच्या राष्ट्रीय हस्तकला संग्रहालयात कोहबराची, म्हणजे नवरानवरीच्या खोलीची, भिंत रंगविली. १९९१ साली ती वारली. २०१५ साली इमारतीच्या नूतनीकरणात ती रंगविलेली भिंतच नाहीशी झाली! पद्मश्री मिळविलेल्या बाईची ही कथा, मग आमच्या गावच्या कुंभारणीची दाद कोण घेणार?

मुंबईत काळा घोड्याजवळ जहांगीर कलादालन १९५२ साली सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून उभे राहिले. चित्रे पाहण्यास पैसे पडत नाहीत, हे चांगलेच. पण चित्र टांगावयाचे तर भाडे हवे आणि वर्षानुवर्षे रांगेत थांबण्याचा दमही हवा. ज्याच्याकडे दोन्ही नाही तो चितारी बाहेर फूटपाथवर आपली चित्रे मांडून बसतो. घरगड्याचे काम करून, मोटारी धुऊन चित्रकार झालेला कृष्णाजी आरा हा मुंबईचाच. मोठा झाल्यावर तो नवख्यांना हात देत राहिला. गरिबीतून आलेल्याला गरिबाची रांग दिसते. म्हणूनच समितीवर असा माणूस हवा.

आता दोन शब्द आपल्या लोकांस. बेंदराचे मातीचे बैल घेताना कुंभाराशी पाच रुपयांसाठी कोण भांडतो? आपणच. पोराने चित्र काढले तर 'याने का पोट भरणार?' म्हणून पाठीत रट्टा कोण घालतो? आपणच. कुडाळजवळच्या पिंगुळीचे परशुराम गंगावणे पाहा. ठाकर समाजाची चित्रकथी व कळसूत्री बाहुल्या मरू नयेत म्हणून त्यांनी आपल्या गुरांच्या गोठ्याचे संग्रहालय केले. २०२१ साली त्यांस पद्मश्री मिळाली. मात्र गरीब माणूस गोठ्यात दालन काढतो, म्हणून सरकार सुटले असे नव्हे.

तेव्हा आमचे मागणे स्पष्ट आहे. बोलाविलेल्या कारागिरास मेहनताना व वाटखर्च त्याच दिवशी रोख द्या. वस्तूखाली करणाऱ्याचे नाव व गाव मराठीत लिहा. 'लोककला' एवढेच लिहून त्याला बेवारस करू नका. वर्षातले काही आठवडे भिंत बिनभाड्याने गरीब चिताऱ्यास द्या. सायंकाळी दार उघडे ठेवा आणि चित्रे जत्रेत, आठवडे बाजारात न्या. प्रत्येक समितीवर हाताने काम करणारी माणसे बसवा, आणि खेड्यातल्या शाळेस चित्रकलेचा मास्तर द्या.

आणि बांधवांनो, तुम्हीही पुढल्या खेपेस शहरास जाल तेव्हा पोराबाळांसह कलादालनात शिरा. पायताण पाहून कोणी अडविले तर सांगा, हे पायताणही एका कलावंतानेच शिवले आहे. मग हिशेब विचारा. तो विचारल्याखेरीज कोणी देत नसतो.